साचे खात्याच्या बिल्डिंगीत आठ दिवस

मुंबईहून परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी आमच्या जिंतूरच्या शाळेत, स्टाफरूममध्ये, पहिला प्रश्न अजून तोच आहे. बाई, समुद्र कसा दिसतो? मी समुद्र पाहिला नाही. आठ दिवस मुंबईत राहून समुद्र पाहिला नाही म्हटलं की सगळ्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मी आठ दिवस एस.टी. स्टँडवर झोपा काढून परत आले. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. मी जी मुंबई पाहिली ती मुलुंडची, आरेची आणि घाटकोपरची. तिथं डोंगर आहेत, तलाव आहेत, म्हशी आहेत, आणि एक चार मजली बिल्डिंग आहे, जिच्यापायी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मुलुंड चेकनाका

मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी धाकट्या बहिणीकडे, शालूकडे निघाले. आमची एस.टी. ठाण्याहून पुढं मुलुंडच्या चेकनाक्यावर थांबते, तिथंच उतरायचं. माझ्याजवळ ज्वारीच्या पिठाचं पोतं, तुरीची डाळ आणि कारळाच्या चटणीचा डबा. नाक्यावरच्या माणसानं पोत्याला बोट लावून विचारलं, "बाई, दुकान टाकताय का?" मी म्हणाले, "नाही हो, बहिणीला मुंबईची पोळी पचत नाही." हे मला न्यायला आलेल्या शालूनं ऐकलं आणि तिथूनच आमचं भांडण सुरू झालं, म्हणजे भेट नेहमीसारखी झाली.

बिल्डिंग दिसायला लागली तसं शालूनं अशोकरावांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पोतं घेऊन पुढं पाठवलं आणि मला रसवंतीच्या बाकड्यावर बसवलं. "अक्का, आता नीट ऐक. आमचं आडनाव निंबगावकर."

हे मला पत्रातून माहीत होतं. अशोकरावांचं मूळ आडनाव कांबळे. त्या आडनावानं त्यांनी बोरिवलीला घर पाहिलं तर ते कालच गेलेलं असायचं. अंधेरीत एका मालकानं चावी सापडत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा चावी त्याच्या हातात होती. असं तीनदा झाल्यावर अशोकरावांनी रीतसर अर्ज करून गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं आणि मुलुंडला हे घर भाड्यानं लगेच मिळालं. एवढं मला ठाऊक होतं. बिल्डिंगीत कोणालाच काही ठाऊक नाही, हे मात्र मला रसवंतीवर कळलं.

"जय भीम म्हणायचं नाही, नमस्कार म्हणायचं," शालू म्हणाली. "शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, ती कोणी विचारलं तर शोभेची. मालक हे घर विकतोय आणि आम्हालाच द्यायला तयार आहे. पण सोसायटीची सात जणांची कमिटी आहे. रविवारी मीटिंग. चौघांनी सही केली की घर आपलं. तोपर्यंत तू फक्त तोंड सांभाळ."

"शालू, मी तेवीस वर्षं शाळेत शिकवतेय. तोंड सांभाळायचा पगार मला कधी मिळालेला नाही."

"ताई नाहीस तू, वैताग आहेस," ती म्हणाली आणि दोन ग्लास उसाचा रस मागवला. बिनबर्फाचा, माझ्यासाठी.

तात्या आणि सोलकढी

समोरच्या दारात तात्या परब राहतात. सत्तरीचे, बारीक, ताठ, अंगात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक. मालवणकडचे. चाळीस वर्षं मिलमध्ये होते, संपात मिलची वाट लागली त्याच्या आधीच निवृत्त झाले. हेच कमिटीचे चेअरमन. पहिल्याच दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "मास्तरीणबाई ना तुम्ही? दुपारी आमच्याकडे जेवूक येवचा. नाय म्हणूचा नाय."

त्यांच्या घरात काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, तळलेला बांगडा, भात आणि एक गुलाबी पातळ पदार्थ वाटीत वाढला. आमच्याकडं गुलाबी आणि पातळ म्हणजे गोडच असणार. मी शेजारची साखर घेतली, दोन चमचे घातली, ढवळली आणि प्यायले. माझं तोंड काय झालं असेल ते काकींच्या हसण्यावरून समजा. त्या पदर तोंडाला लावून आत पळाल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, "अगो बाय माजे, सोलकढीत साखर!" तात्या गंभीरपणे म्हणाले, "असू दे, आता नवीन पदार्थ झालो." संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर मी सोलकढीवाली बाई म्हणून ओळखली जायला लागले. मी त्यांना कारळाची चटणी दिली, ती खाऊन तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हिशेब फिटला. रोज सकाळी काकी एक वाटी काहीतरी पाठवायच्या. मला ती माणसं फार आवडली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी चटकन वाईट-चांगले असे दोन ढीग करू नयेत.

मी भूगोल शिकवते. कुठंही गेले की पहिला प्रश्न मनात येतो, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. आमच्या गावात ओढा पाटलाच्या बाजूनं येतो, सगळं गाव धुऊन काढतो आणि मग आमच्या वस्तीला मिळतो. गावाचा नकाशा काढायला मी लहानपणीच शिकले, तो असा. मुलुंडच्या त्या बिल्डिंगीत मात्र गच्चीवर एकच टाकी, एकच पाइप, सगळ्या घरांत एकाच वेळी पाणी यायचं आणि एकाच वेळी जायचं. सकाळी सहाला सगळ्या मजल्यांवर बादल्या वाजायला लागल्या की मला इतकं बरं वाटायचं की मी उठून उगीचच शालूच्या बादल्या भरायचे.

आरे कॉलनी

बुधवारी तात्यांनीच सहल काढली. "आरे बघूक नाय तर मुंबयत येऊन केला काय?" अशोकरावांनी रजा टाकली. तात्या, काकी, आम्ही तिघं आणि दोन डबे. पवईला बस बदलली. एका बाजूला तलाव, त्यात मगरी आहेत असं काकींनी सांगितलं, पण मगरीनं काही दर्शन दिलं नाही. पुढं बस झाडीत शिरली आणि मला खरंच वाटलं की आपण मुंबईतून बाहेर पडलो. पण नाही, तीही मुंबईच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोठे, एकेका गोठ्यात शेकड्यानं म्हशी, आणि तो वास! मी खिडकीतून तोंड बाहेर काढून पोटभर वास घेतला. शालूनं नाकाला रुमाल लावला होता. ही पोर गोठ्यात शेण सारवत मोठी झाली आहे, हे मी बसमध्ये मोठ्यानं बोलले नाही, कारण तोंड सांभाळायचं होतं.

पाड्यावरची एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. ती घेऊन आम्ही एका मोठ्या झाडाखाली चादर टाकली. काकींचे घावणे, माझी भाकरी, चटणी, वर करवंदं. जेवण झाल्यावर तात्या रंगात आले आणि मिलच्या गोष्टी सांगायला लागले. ते साचे खात्यात होते. साचा म्हणजे माग. "चार साचे मी एकट्यान चलवलंय," ते म्हणाले. मग धोटा कसा असतो ते त्यांनी हातानं दाखवलं. लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात सुताची कांडी, आणि बाजूला एक बारीक भोक. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. "बोटान येवचा नाय. तोंड लावायचा आणि ओढायचा. सुर्रर्र! धागो भायर." त्यांनी ओठांचा चंबू करून असा आवाज काढला की काकीसुद्धा हसल्या. "दिवसाक दोन-तीनशे वेळा. आणि पाळी बदलली की दुसरो माणूस तोच धोटो तोंडाक लावणार."

मग माझ्याकडे वळून सहज म्हणाले, "अशोकाचे वडील पण मिलमध्येच होते ना? खंयच्या खात्यात?"

आडनाव विचारलं असतं तर मी पाठ केलेलं उत्तर दिलं असतं. नमस्कारही नीट केला असता. पण खात्याचं मला कोणी काही शिकवलं नव्हतं. शालूच्या सासऱ्यांचा मला अभिमान आहे. मी छाती फुगवून सांगितलं, "रिंग खात्यात! तेहतीस वर्षं. आणि त्यांचे वडीलसुद्धा रिंग खात्यातच."

शालूचा करवंदाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. अशोकराव लांबच्या एका म्हशीकडे बघायला लागले. तात्या फक्त "हां" म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चारची बस मिळेल म्हणाले. तेव्हा अडीच वाजले होते.

वाटी येणं बंद

घरी आल्यावर मला अशोकरावांनी समजावून सांगितलं. आवाज न चढवता, म्हणून जास्त लागलं. "अक्का, मिलमध्ये जात विचारावीच लागायची नाही. खातं विचारलं की झालं. धोटा सगळ्यांनी तोंडाला लावायचा, म्हणून साचे खात्यात आपल्या माणसाला घ्यायचे नाहीत. दुसरे कामगार कामच बंद करायचे. आपण सगळे रिंग खात्यात, सूत कातायला."

"तसा नियम होता?"

"कुठंच लिहिलेला नव्हता. पुढं तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे आले. म्हणजे कारणच संपलं. पण भरती करणारा जॉबर साचेवाल्यांतला. तो आणणार स्वतःचा भाऊ, स्वतःचा भाचा, स्वतःचा गाववाला. मग आपल्या माणसाला कोण आणणार? साचेवाल्याला पगार जास्त. त्या पगारातून एकाच मिलमधल्या साचेवाल्यांनी मिळून जागा घेतली आणि त्यावर ही बिल्डिंग बांधली."

मी खिडकीत जाऊन जिन्याकडे पाहत राहिले. कोणी कोणाला आत येऊ नको म्हटलं नव्हतं. कुठल्या कागदावर एक वाईट शब्द नव्हता. आजोबानं सूत तोंडात धरलं, एवढंच. त्यावरून बापाची नोकरी ठरली, मुलाचं घर ठरलं आणि शेजारी कोण राहणार ते ठरलं. गावचा ओढा मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले, पण हा ओढा मला दिसलाच नव्हता. मला त्या माणसांचा राग आला, मग स्वतःचा आला. शेवटी शालूचा राग आला, कारण ती स्वयंपाकघरात भांडी घासता घासता रडत होती आणि मला आत येऊ देत नव्हती.

"हे चौथं घर आहे माझं, अक्का," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींची वाटी आली नाही. तात्या जिन्यात भेटले, "काय बाई, बरा ना?" म्हणाले, पण थांबले नाहीत. मी प्रायश्चित्त म्हणून चाळीस भाकरी थापल्या. घरात माणसं तीन.

घाटकोपर

शुक्रवारी बुद्धपौर्णिमा होती. शालूनं घरातून निघताना हिरवी साडी नेसली आणि पौर्णिमेची पांढरी साडी पिशवीत घेतली. घाटकोपरला सासऱ्यांच्या घरी पोचल्यावर ती बदलली. तिचे सासरे, आबा, थोरल्या मुलाबरोबर टेकडीवरच्या वस्तीत राहतात. तिथं जाताना एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात की माझ्या शाळेतल्या मुलांना मी आता डोंगराची उंची वेगळ्या तऱ्हेनं शिकवीन. वर मात्र काय बहार होती! पताका, लाऊडस्पीकर, मोठाल्या पातेल्यांत खीर, आणि येणारा प्रत्येक जण मोठ्यानं जय भीम म्हणत होता. मी पाच दिवसांचे साठवलेले सगळे जय भीम तिथं वाटून टाकले.

खीर खाताना मी आबांना माझा गुन्हा सांगितला. वाटलं, म्हातारा चिडेल. आबांना दम्यासारखा खोकला आहे, सुताची धूळ छातीत बसलेली. ते आधी खोकले, मग हसले, मग दोन्ही एकदम करायला लागले. थोरल्या सुनेनं पाठ चोळली तेव्हा कुठं बोलता आलं.

"मुली, मला एक सांग. त्यांच्या धोट्यात कांडी कशाची असायची?"

"सुताची."

"आणि ते सूत कुणी कातलं?"

मी चमचा खाली ठेवला. आबा दोन्ही तळहात पुढं करून दाखवत होते. जाड, पिवळे पडलेले, बोटांवर धाग्यानं कापल्याच्या बारीक रेषा. "ह्या हातांनी. तुटलं तर थुंकी लावून जोडलेलं सूत आहे ते! आमचा हात लागला, आमची थुंकी लागली, आणि त्यांनी तेच सूत तोंडात धरून ओढलं. दिवसातून तीनशे वेळा. आणि आमच्या तोंडाचा धोटा मात्र चालायचा नाही." पुन्हा हसू, पुन्हा खोकला. "तेहतीस वर्षं मी हे मनात धरून हसत काम केलं. नाहीतर झालं नसतं काम."

शालू खिरीच्या पातेल्याजवळ उभी होती. ती हसली नाही. परत येताना ती हिरवी साडी नेसायला विसरली. मी आठवण केली तर म्हणाली, "असू दे."

रविवार, गच्ची

मीटिंग दुपारी चारला, गच्चीवर, टाकीच्या सावलीत. सतरंजीवर कमिटीचे सात जण, समोर अशोकराव. अर्ज करणाऱ्यानं चहा द्यायची पद्धत, म्हणून शालूनं सात कप भरले. मी बिस्किटांची बशी घेऊन तिच्यामागं. काकींचं दार बंद होतं.

सेक्रेटरींनी फाईल उघडली आणि न वाचताच मिटली. "निंबगावकर, दोन कागद कमी आहेत. पुढच्या महिन्यात बघू या."

"कुठले कागद?" अशोकरावांनी विचारलं.

"ते बघून कळवतो ना." सगळ्यांनी माना हलवल्या. तात्या सतरंजीचा धागा ओढत बसले होते.

मला माहीत होतं की पुढच्या महिन्यात तिसरा कागद कमी निघेल. बोरिवलीचं घर कालच गेलेलं असतं, तसं. मी बिस्किटांची बशी घेऊन पुढं सरकले. तेवढ्यात शालूनं ट्रे कठड्यावर ठेवला.

"तात्या, बुधवारी तुम्ही माझ्या सासऱ्यांचं खातं विचारलंत. अक्कानं सांगितलं ते खरंय. रिंग खातं. आमचं जुनं आडनाव कांबळे. हाच कागद कमी होता ना? तो दिला मी. आता मी एक विचारू? तुमच्या साच्यावर सूत कुठून यायचं?"

"अहो वहिनी, इथं मिलचा काय संबंध?" सेक्रेटरी म्हणाले.

पण तात्या कारागीर माणूस. कामाचा प्रश्न विचारला की उत्तर देणारच. "रिंग खात्यातना. आणि खंयसून येतला?" ते म्हणाले आणि तसेच थांबले. त्यांचा हात सावकाश वर गेला आणि ओठांवर राहिला. खाली कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"चाळीस वर्षां," तात्या म्हणाले. "चाळीस वर्षां तोंडात धरलंय. ह्या माज्या ध्यानात कधी इलाच नाय."

कोपऱ्यात बसलेले कमिटीतले एक म्हातारे, तेही जुने साचेवाले, आधी गालातल्या गालात आणि मग खदखदून हसायला लागले. "तात्यानू," ते म्हणाले, "म्हणजे आपण पयल्याच पाळीक बाटलो काय हो?" तात्यांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मग त्यांनाही आवरेना. दोघं म्हातारे एकमेकांच्या मांडीवर थापा मारत हसत होते आणि मी बिस्किटांची बशी घेऊन रडत होते.

तात्यांनी फाईल ओढली आणि सही केली. "माजी झाली. जेका थांबूचा आसात तेणी थांबूचा." त्या म्हाताऱ्यांनी केली. आणखी एकानं केली. चौथी सही सगळ्यात तरुण मेंबरनं केली, खाली बघत, भराभर. सेक्रेटरी आणि दुसरे दोघं उठले. "आम्ही नंतर सांगतो," म्हणाले. पण चार सह्या झाल्या होत्या.

चौघांनी चहा घेतला. तात्या जाताना जिन्याच्या तोंडाशी थांबले. काकींनी लावून घेतलेल्या दाराचा मजला खाली दिसत होता. "मास्तरीणबाई, सही मी केलंय," ते हळूच म्हणाले, "पण माज्या घरातली मीटिंग अजून बाकी आसा." आणि गंजीफ्रॉक खाली ओढून, वर्गात उशिरा येणाऱ्या मुलासारखे, ते पायऱ्या उतरले.

गच्चीवर आम्ही तिघंच उरलो. पलीकडे डोंगर उन्हात तांबूस झाला होता. ट्रेवर तीन कप तसेच होते, त्यांवर साय धरली होती. शालूनं एक अशोकरावांना दिला, एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला.

"गार झालाय गं," मी म्हणाले.

"पी," शालू म्हणाली. "आता इथंच राहायचंय. दर मीटिंगला मी सातच कप करणार. घेतले तर घेतले, नाहीतर आम्ही दोघं आहोत ना प्यायला."